चिमणीच्या गळ्यातला पट्टा

चिमणी पेटत्या माळेत शिरली तेव्हा लोकांनी शिट्ट्या वाजवल्या.

शिरली म्हणजे पळत नव्हे. हौदावर पाणी प्यायला जावी तशी चालत गेली. पोटाखाली फटाके फुटत होते, धुरात तिची रंगवलेली शिंगं तेवढी दिसत होती, आणि ती शेपटी हलवत आपली पुढे चाललेली. कोपऱ्यावरचं पब्लिक येडं झालं. वाघीण हाय रं, वाघीण, असं कुणीतरी ओरडलं आणि सगळ्यांचे मोबाइल वर झाले. इंद्रजित गवळी तेवढा मोटारसायकल रस्त्यातच आडवी टाकून घसा फुटेस्तोवर तिला हाका मारत होता. ती त्याच्या गुडघ्याला घासून पुढे गेली होती. तिने मान वळवली नव्हती. कानसुद्धा हलवला नव्हता.

ही म्हैस त्याच्या हाकेवर वाढलेली. पेठेतल्या सगळ्या गोंगाटात त्याने ‘चिमणेऽ हो’ म्हटलं की जागच्या जागी थांबणारी. त्या दिवशी ती हाक तिला ऐकूच आली नाही. का आली नाही, हे सांगायचं तर आधी हाकेचं सांगायला पाहिजे, मग पट्ट्याचं.

कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवतात. गवळी लोक म्हशी धुऊन, शिंगं रंगवून, गळ्यात कवड्यांच्या माळा आणि डोक्याला मोरपिसं बांधून रस्त्यावर आणतात. मालक पुढे मोटारसायकलवर, गाडीचा सायलेन्सर काढलेला, आणि मागून त्याच्या आवाजावर म्हैस धावत येते. दोर नाही, काठी नाही, नुसती हाक. साऱ्या दुनियेच्या गाड्या विजेवर गेल्या, मुक्या झाल्या, तरी या एका दिवसासाठी पेठेत पेट्रोलच्या जुन्या गाड्या जपून ठेवलेल्या. पेट्रोल आणायला पार हायवेपर्यंत जावं लागायचं, तरी लोक जायचे.

आता ही हाक म्हशीच्या अंगात बसवायची कशी? इंद्रजितच्या घरातली रीत अशी होती. रेडकू वर्षाचं झालं की त्याला गोठ्यामागे बांधायचं, जवळ फटाके फोडायचे, आणि फटाका फुटायच्या जरा आधी नाव घेऊन हाक मारायची. हाक, धडाम, गुळाचा खडा. पुन्हा हाक, धडाम, गूळ. रेडकू थरथरायचं, दाव्याला हिसके द्यायचं, डोळे पांढरे करायचं. मग हळूहळू उभं राहायला शिकायचं. आज्याने असंच केलं, बापाने असंच केलं, चिमणीच्या वेळी इंद्रजितनेही असंच केलं. याला घरात ‘भीती मोडणं’ म्हणत. भीती मोडते का आत जाऊन बसते, हे बघायला म्हशीच्या पोटात कोण गेलं होतं?

इंद्रजितला फटाक्यांचा नाद होता. मधली काही वर्षं खासगी फटाक्यांना बंदी होती. महापालिकेच्या मैदानावर तासभर काय उडेल ते बघायचं आणि घरी जायचं. ती बंदी त्याच्या जिव्हारी लागली होती, आणि त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. अंधार असताना उठून शेणात हात घालायचे, दिवसभर कॅन घेऊन अपार्टमेंटचे जिने चढायचे, लोकांनी दुधात पाणी किती घातलं विचारायचं, लिफ्टमधल्या बायकांनी नाकाला रुमाल लावायचा. वर्षातली एक संध्याकाळ अशी की गवळ्याच्या नावाने पेठ दणाणते आणि तेच फ्लॅटवाले गॅलरीत येऊन खाली बघतात. ती पण काढून घेणार? मैदानावरचे फटाके सरकारचे. त्यात आपलं काय? आपल्या हाताने वात पेटवायची आणि पळायचं, ही मजा दुसऱ्याच्या फटाक्यात नाही, असं तो म्हणायचा. ज्याने आयुष्यात एकदा तरी वात पेटवली आहे त्याला हे कळतं.

मग जनावरांच्या गळ्यात बांधायचा पट्टा आला. ‘निवांत’ हे त्याचं नाव.

त्यातलं विज्ञान अवघड नाही. आवाज म्हणजे हवेचा धक्का. हवा दाबली जाते, सैल होते, पुन्हा दाबली जाते. ती दाबली जाते त्याच क्षणी कानाजवळच्या यंत्राने ती तेवढीच सैल केली, की दोन्ही मिळून शून्य. कानाला काहीच पोचत नाही. माणसांच्या हेडफोनमध्ये हे जुनंच होतं. अडचण होती ती फटाक्याची. पंख्याची घरघर सारखी चालू असते, ती यंत्राला ओळखीची होते. फटाका एकदम येतो, यंत्राला कळेस्तोवर कानावर आदळलेला असतो.

‘निवांत’वाल्यांनी त्यावर दोन गोष्टी केल्या. गल्लोगल्लीच्या दिव्याच्या खांबांवर माइक बसवले. आवाज हवेतून रांगत येतो, रेडिओची लहर त्याच्या कितीतरी पुढे पळते. त्यामुळे लांबच्या खांबाने ऐकलेला फटाका कुत्र्याच्या कानात पोचायच्या आत पट्ट्याला कळायला लागला. आणि दुसरी गोष्ट म्हणजे पट्टा शिकायला लागला. गळ्याच्या शिरेवरून तो जनावराची नाडी बघायचा. कुठल्या आवाजाने नाडी उसळते, फटाक्याच्या आधी नेहमी कुठला आवाज येतो, हे तो लक्षात ठेवायचा. मग तो आधीचा आवाजही कापायचा, म्हणजे जनावराला भीतीची चाहूलसुद्धा लागायला नको. बाकीचं जग ऐकू यायचं. भांडी, पाऊस, घरच्यांचं बोलणं, सगळं. फक्त भीती तेवढी वजा.

जाहिरातीत एक कुत्रं सोफ्यावर घोरत पडलेलं आणि खिडकीबाहेर आभाळ पेटलेलं. बघणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चांगलीच गोष्ट होती, नाही कोण म्हणतो.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. बंदी कशासाठी होती? जनावरांना त्रास, तान्ह्या पोरांना त्रास, म्हाताऱ्यांना त्रास. आता त्रासावर इलाज निघाला. जनावराला पट्टा, पोराला टोपी, म्हाताऱ्याला कानातली बटणं. बंदी उठली. आधी दिवाळीपुरती, मग लग्नाला, मग वाढदिवसाला, मग पोरगं पास झालं म्हणून, नवी गाडी आली म्हणून, मॅच जिंकलो म्हणून आणि हरलो म्हणूनसुद्धा. तक्रार घेऊन कोणी गेलंच तर चौकीत एकच प्रश्न विचारत, पट्टा घेतला नाही का? फोडणाऱ्याला विचारणं बंद झालं. ज्याला त्रास होतो त्यानेच स्वतःच्या गळ्यात काहीतरी अडकवून घ्यायचं, असा कायदा कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळ्या शहराने तो निमूट पाळला. पाखरांना पट्टा कोण बांधणार? ती उठून गेली. तळ्याकाठची झाडं संध्याकाळची गप्प झाली, तेही कुणाच्या ध्यानात आलं नाही.

इंद्रजितच्या समोरच्या घरात उपाध्ये मावशी राहायच्या. शाळेतून निवृत्त, एकट्या, आणि सोबतीला बंड्या नावाचं म्हातारं गावठी कुत्रं. मावशींनी पट्टा घेतला नाही. फटाके सुरू झाले की बंड्या न्हाणीघरात बंबाच्या मागे जाऊन बसायचा, तिथेच मुतायचा, आणि मावशी त्याच्याजवळ पाट टाकून बसायच्या. निदान माझ्या दारासमोर फोडू नका, एवढं सांगायला त्या कितीदा तरी आल्या. शेवटी इंद्रजितनेच सांगितलं की पट्टा मी आणून देतो, पण रोजची कटकट नको.

“मला नको तुझा पट्टा,” मावशी म्हणाल्या. “तू फोडतोस म्हणून त्याला भीती वाटते. त्याचं काही चुकत नाहीये इंद्रजित. मग औषध त्याला का म्हणून?”

शाळा सुटली तरी मावशींचा तास काही संपत नाही, असं म्हणून इंद्रजितने ते हसण्यावारी नेलं. हर्षवर्धन त्याचा जुना दोस्त आणि तालीम मंडळाचा अध्यक्ष. त्याने त्याच दिवशी मावशींचं नाव ‘सायलेन्सर’ ठेवलं. त्या रस्त्याने जायला लागल्या की पोरं म्हणायची, आला रं सायलेन्सर, काढून ठेवा.

गणपतीच्या आधी इंद्रजितने चिमणीलाही पट्टा बांधला. माया होती म्हणूनच. रोज उठून फटाके, मग तिला कशाला त्रास? गळ्याभोवती रुंद निळा पट्टा आणि त्यातून कानांपर्यंत गेलेले दोन मऊ देठ. दोन दिवस तिने डोकं झाडलं, मग विसरून गेली. त्या गणपतीत गोठ्यासमोर माळांवर माळा सुटल्या आणि चिमणी डोळे मिटून रवंथ करत राहिली. दूधही वाढलं. धूर यायचा, कागदाचे कपटे उडत अंगावर पडायचे, पण आवाज नाही, म्हणून भीती नाही. आठवडे गेले तसा धूर तिच्या लेखी नुसता धूर झाला.

धार काढता काढता रेवती, इंद्रजितची बायको, एकदा म्हणाली की आताशा ही तुमच्या हाकेला कान देत नाही. तो म्हणाला, कान कशाला द्यायला पाहिजे, मी समोर दिसतोय की. माझ्या हाकेला देती, रेवती म्हणाली. तू वैरण घालतीस म्हणून, असं म्हणून त्याने विषय मिटवला. मग शंका नको म्हणून त्याने गूळ हातात धरून हाक मारून बघितली. चिमणी आली. गूळ दिसल्यावर कुठली म्हैस येत नाही?

पाडव्याची माळ त्याने स्वतः आणली. सगळ्यात मोठी, कोपऱ्यापासून पुढे रस्त्याच्या लांबीने दोन पदरी पसरेल एवढी. ठरलेलं दरवर्षीचंच होतं. तालमीच्या कोपऱ्यावर गाडी थांबवायची, हाक द्यायची, चिमणीने थांबून मान वर करायची, आणि तिच्या मानासाठी पुढे माळ फुटायची. हर्षवर्धन वातीपाशी उदबत्ती घेऊन बसला. इंद्रजित आला, गाडीमागे चिमणी आली, तो थांबला, त्याने हाक दिली. हाक ऐकून हर्षवर्धनने वात लावली. चिमणी मात्र थांबली नाही.

मागून येणाऱ्या ज्या म्हशींना पट्टे नव्हते त्या आवाज झाल्याबरोबर फिरल्या. एकीने मालकाला पाडलं, दुसरी गल्लीत घुसली. लोक त्यांना हसले. भित्र्या कुठल्या. आणि पुढे ती पेटलेल्या माळेवर संथ पावलं टाकत चाललेली, तिचं कौतुक चाललेलं. माळेच्या मध्यावर पोचल्यावर ती थांबली. तिथे तिला काहीतरी झालं असावं, कारण तिने मागचा पाय झटकला. पण ज्याच्यापासून पळायचं ते कुठून येतंय हे तिला कळेना. चटका होता, आवाज नव्हता. ती त्या आगीत उभी राहून इकडेतिकडे बघत राहिली.

इंद्रजित आता ओरडत नव्हता, किंचाळत होता. तिच्या कानापर्यंत काही जात नव्हतं.

रेवती फुटपाथवरून पुढे आली. ती ओरडली नाही. धार काढायला बसताना रोज म्हणायची तेच म्हणाली, तेवढ्याच आवाजात. “ये गं बाई, ये. हिकडं ये.”

चिमणीने लगेच कान टवकारला आणि वळली. रेवती माळेच्या अलीकडच्या बाजूला उभी होती. तिच्याकडे यायला चिमणी तीच आग पुन्हा तुडवत आली.

रेवतीने तिच्या गळ्याला मिठी मारली तेव्हाही लोक टाळ्या वाजवत होते. मग कुणीतरी खाली वाकून बघितलं. पोटाखालचे केस जळून गेलेले, कास सोलवटलेली, दोन सड काळेठिक्कर. टाळ्या एकेका बाजूने बंद होत गेल्या. रेवतीने स्वतःचे दोन्ही हात तोंडावर दाबले. आपण बोलावलं म्हणून ती दुसऱ्यांदा आगीतून आली, हे तिला त्याच वेळी कळलं होतं, आणि नंतर कुणी कितीही समजावलं तरी ते तिच्या मनातून गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चित्रफीत सगळीकडे फिरत होती. आगीतून चालणारी म्हैस. बरोबर मधोमध कापलेली, ती पाय झटकते त्याच्या आधी. खाली ‘निवांत’चं नाव आणि दोन शब्द, ‘भीती संपली’.

त्यानंतर कंपनीच्या देवरुखकर मॅडम घरी आल्या. जनावरांच्या डॉक्टर, पुण्याहून आलेल्या, हातात पेढ्यांचा बॉक्स. चित्रफितीला इंद्रजितची परवानगी पाहिजे होती, आणि चिमणीला घेऊन मोठी जाहिरातही करायची होती. इंद्रजितने त्यांना सरळ गोठ्यात नेलं. मॅडमनी कास बघितली. पेढ्यांचा बॉक्स तसाच हातात राहिला. त्या खाली बसल्या, जखमा तपासल्या, पशुवैद्यकाने दिलेलं औषध बघितलं. त्यांना हे माहीत नव्हतं, एवढं तरी तोंडावर दिसत होतं.

तुमचा पट्टा बिघडला होता, इंद्रजित म्हणाला. तिला माझी हाक ऐकू आली नाही. बायकोची आली. माझी का नाही?

मॅडमनी टॅब्लेट काढला, पट्ट्यात साठलेलं सगळं उघडलं आणि वाचून काढलं. मग त्यांनी विचारलं की या म्हशीला हाक कशी शिकवली. इंद्रजितने सांगितलं. हाक, धडाम, गूळ. सांगताना त्याला थोडा अभिमानही वाटला.

“पट्टा बिघडला नव्हता,” मॅडम म्हणाल्या. त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या. “त्याने बरोबर काम केलं. फटाक्याच्या आधी जो आवाज येतो तो शोधायचा, हे त्याचं कामच आहे. तिच्या बाबतीत तो आवाज तुमचा आहे. बांधल्यावर चौथ्या दिवशीच त्याने तुमचा आवाज कापला. पट्टा शिकत होता त्या पहिल्या तीन दिवसांतलं बघा, फटाका फुटतो तेव्हा तिची नाडी उसळते. तुम्ही तिचं नाव घेता तेव्हा त्याहून जास्त उसळते. फटाका एकदा फुटून संपतो ना. हाक आली की तिला तो अजून यायचा असतो.”

इंद्रजितला वाटलं ऐकण्यात चूक झाली. म्हणून त्याने त्यांना परत सांगायला लावलं. त्यांनी परत सांगितलं. पडद्यावर दोन रेघा होत्या, एक बुटकी, एक उंच. उंच रेघ त्याची होती.

ती माझ्या हाकेला धावत यायची, तो म्हणाला. सगळी पेठ बघत होती. मॅडम म्हणाल्या, हो, धावत यायची. त्यांनी टॅब्लेट बंद केला. जाताना एवढं म्हणाल्या की पट्ट्यात मालकाचा आवाज ‘सुरक्षित’ म्हणून नोंदवता येतो, मग तो कापला जात नाही. पण मग ती तुमचा आवाज ऐकेल, आणि ऐकल्यावर तिला जे होतं ते होईल. ते थांबवायचं तर आत्ता आहे तेच ठीक आहे. पेढे त्यांनी परत नेले.

मॅडम गेल्यावर तो गोठ्यात गेला. बाया काहीही सांगतात, यंत्रं काहीही दाखवतात. त्याने पट्ट्याची कडी काढली, देठ कानांतून सोडवले, पट्टा बाजूला ठेवला. चिमणीने कान झाडले. बाहेरून जाणाऱ्या सायकलच्या घंटीकडे वळून बघितलं. मग तो तिच्या तोंडासमोर उभा राहिला आणि अगदी हळू, लाडात येऊन म्हणाला, “चिमणेऽ हो.”

चिमणी जागच्या जागी थिजली. डोळ्यांचं पांढरं दिसायला लागलं. पोटाखाली जखमा असताना ती दावं ताणून भिंतीपर्यंत मागे सरली आणि तिथे उभी राहून थरथरायला लागली, मान वर करून. पेठेतले लोक दरवर्षी जिला सलामी म्हणायचे, ती मान. तिने मूत सोडलं. ती धडामची वाट बघत होती.

इंद्रजितला काय करावं कळेना. माणूस घाबरलेल्या जनावराला जे म्हणतो तेच त्याच्या तोंडाशी आलं, काय न्हाई गं, काय न्हाई, मी हाय की. त्याने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तिला घाबरवणारं तेच होतं. तो मागच्या मागे बाहेर आला आणि दाराला टेकून उभा राहिला. इतकी वर्षं तो समजत होता की पेठेत आपल्यावर सगळ्यात जास्त जीव कुणाचा असेल तर हिचा.

त्या दिवसापासून त्याने गोठ्यात बोलायचं सोडलं. शेण काढायचा, पाणी दाखवायचा, जखमेला मलम लावायचं तर रेवतीला बोलत बसायला सांगायचा आणि आपण मुक्याने लावायचा. पट्टा पुन्हा बांधू, निदान बरी होईस्तोवर, असं रेवतीचंही मत होतं. तो नको म्हणाला. पट्टा बांधून ती आगीत गेली. घाबरली असती तर वाचली असती. मागच्या म्हशी घाबरल्या, त्यांना ओरखडासुद्धा नाही. उपाध्ये मावशी बघायला आल्या तेव्हा त्याला वाटलं, आता या ऐकवणार. त्यांनी काही ऐकवलं नाही. कासेला लावायला घरचं ताजं तूप आणलं होतं, ते दिलं. निघताना दारात थांबून म्हणाल्या की बंड्या भित्रा आहे म्हणून अजून आहे रे बाबा, आणि गेल्या.

पण पट्टा नाही म्हणजे आता पुढचा प्रश्न होता. तुळशीचं लग्न आलं होतं, आणि तुळशीचं लग्न म्हणजे पेठेत दुसरी दिवाळी. कास अजून ओली होती. पशुवैद्यकाने बजावलं होतं की ही बुजून कुठे घासली, पडली, तर जखम चिघळेल आणि मग हातात काही राहणार नाही. तिला दुसरीकडे हलवण्याइतकी ती धड नव्हती.

म्हणून इंद्रजित तालमीत गेला. एवढं एक वर्ष आपल्या गल्लीत फोडू नका, असं सांगायला. स्वतःच्या तोंडून ते शब्द ऐकताना त्यालाच चमत्कारिक वाटलं. मग कुणीतरी हळूच म्हणालं, सायलेन्सर बसवला काय वहिनींनी? हशा पिकला. हर्षवर्धनने पोरांना दमात घेतलं, पण त्याचंही म्हणणं तेच होतं. एका म्हशीपायी अख्ख्या पेठेने सण सोडायचा? पेठेतल्या बाया वर्षभर वाट बघतात, पोरं नवे कपडे घालून बसतात. आणि पट्टा आहे की. वर्गणी काढतो, नवा घेऊ, कंपनीवाले तर फुकट देतील. इंद्रजितने त्यांना सगळं सांगायचा प्रयत्न केला. हाकेचं, नाडीचं, दोन रेघांचं. ऐकून घेतलं त्यांनी. म्हशीला कसलं आलंय मन, असं एकजण म्हणाला. हर्षवर्धन त्याच्या खांद्यावर हात टाकून बाहेरपर्यंत आला.

“आरं, तू बंदीच्या टायमाला मैदानावर पोलिसाशी भांडलेला माणूस,” तो म्हणाला. “तू असं म्हणायला लागलास तर आमी काय करायचं?”

इंद्रजितने खांद्यावरचा त्याचा हात काढला आणि घराची वाट धरली.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी दिवस मावळायला तो गोठ्यात जाऊन बसला. रेवती चिमणीच्या डोक्यापाशी, तो अंगापाशी. इतक्या वर्षांत फटाके फुटताना तो कधी गोठ्यात नव्हता. तो नेहमी वातीच्या बाजूला असायचा. शेजारच्या गल्लीत मंगलाष्टकं संपली आणि पहिली माळ लागली.

चिमणीचं सगळं अंग त्याच्यावर येऊन आदळलं. एवढी मोठी म्हैस जागा मिळेल तिथे लपायला बघत होती, आणि जागा म्हणजे तो होता. तिच्या बरगड्या त्याच्या छातीला लागल्या होत्या. आत काहीतरी सुटल्यासारखं धडधडत होतं, थांबून थांबून, पुन्हा दुप्पट. कातडीवरून थरथर उठायची ती त्याच्या दातांपर्यंत जायची. तिच्या नाकातून आवाज येत होता, हंबरणं नव्हे, ओरडणं नव्हे, असा आवाज त्याने म्हशीचा कधी ऐकला नव्हता. रेवती बोलत होती, ये गं, हो गं, झालं गं. तो ओठ घट्ट मिटून तिला धरून होता. असं असतं हे, एवढंच त्याच्या डोक्यात येत होतं. दरवर्षी असं असायचं. प्रत्येक माळेला. पेठेतल्या प्रत्येक गोठ्यात, प्रत्येक पलंगाखाली.

माळ संपली. त्या शांततेत गल्लीत चपलांचे आवाज आले, कागद फाडल्याचा आवाज आला. गोठ्याच्या दारासमोरच दुसरी माळ उलगडत होते.

तो उठला. रेवतीने मान वर करून बघितलं. त्याने तिचा हात उचलून चिमणीच्या मानेवर ठेवला आणि बाहेर आला.

रस्त्यावर लाल माळ पसरलेली होती. हर्षवर्धन टोकाशी उकिडवा, हातात उदबत्ती, मागे पेठेतली माणसं, बायकांच्या हातात अक्षता आणि चुरमुरे. इंद्रजित चालत गेला आणि माळेच्या बरोबर मध्यावर मांडी घालून बसला.

आधी हसले सगळे. कुणीतरी म्हणालं, नवरदेव बसला बघा. इंद्रजित हसला नाही तेव्हा हसणं हळूहळू बंद झालं. हर्षवर्धनने त्याला उठायला सांगितलं. एकदा गमतीने, एकदा रागाने, मग आईवरून. वर्षाचा सण आहे, बायामाणसं उभी आहेत, लाज वाटत नाही का, असं सगळं झालं. समोर मावशींच्या घराची खिडकी उघडली. गोठ्यातून तो नाकातला आवाज बारीक येत होता, आणि आता गप्प झालेल्या गल्लीत तो सगळ्यांना ऐकू जात होता. ज्यांनी कानात बटणं घातली होती त्यांच्यापैकी एकदोघांनी ती काढून इकडेतिकडे बघितलं.

“लाव की,” इंद्रजित म्हणाला. “तुझा सण हाय, वात तुझ्या हातात हाय. लाव. माझ्या गळ्यात पट्टा न्हाई, मला सगळं ऐकू येतंय.”

हर्षवर्धनने चारचौघांकडे बघितलं. सगळे त्याच्याकडेच बघत होते. माघार घ्यायची त्याला सवय नव्हती. त्याने उदबत्ती खाली नेली. वातीपासून वीतभर अंतरावर त्याचा हात थांबला, आणि उदबत्तीची राख गळून रस्त्यावर पडली तरी आणखी खाली गेला नाही.